मला बसवू नका

परवा दुपारी जेवणाची गर्दी ओसरल्यावर एक माणूस गल्ल्यासमोर येऊन उभा राहिला. ताटाचे पैसे देऊन झाले तरी हलेना. मी म्हटलं, काय राहिलं का? तर हळूच म्हणाला, "मावशी, आमच्या वडलांना जुना दमा हाय. सरकारी दवाखान्यात श्वासाच्या मशीनवर घातल्यात. ती मशीन सुटती का वो पुन्ना?"

मी पदर बाजूला करून गळ्यावरचा वण त्याला दाखवला. "सुटती की. माझी सुटली." तो समोरच्या बाकावर मटकन बसला आणि रडायला लागला. मग त्याला चहा पाजून सगळं सांगितलं. तो गेल्यावर वाटलं, असे अजून किती जण असतील त्या दवाखान्याच्या जिन्यात बसलेले. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी सातवी शिकलेली बाई. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि खानावळीत दोन्हीची मिसळ. डॉक्टरी मला कळत नाही, ती इथे सापडायची नाही. भीती मात्र मला चांगली कळते.

धूर

आमची खानावळ बाळीवेशीत. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, झणझणीत आमटी. लग्न होऊन आले आणि चारच दिवसांत सासूबाईंनी भाकरीचं पीठ मळायची काटवट माझ्या पुढ्यात सरकवली. तेव्हापासून मी आणि चूल. बाहत्तरच्या दुष्काळात लाल मिलोच्या भाकऱ्यासुद्धा मीच थापल्या. त्या पिठाला चिकटपणा नाही, भाकरी हातातच फाटायची, आणि गिऱ्हाईक माझ्यावर डाफरायचं, जणू अमेरिकेतून मीच ते धान्य मागवलं होतं.

खोकला आधी थंडीपुरता यायचा. मग उन्हाळ्यातही राहायला लागला. पाण्याची घागर उचलली की दम, जिना चढला की दम. एकदा भाकरी थापता थापता दम लागला, तेव्हा मालक मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मालक म्हणजे आमचे हे. गल्ल्यावर बसणारा, दिवसभरात मोजकं बोलणारा माणूस.

डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीसमोर धरला आणि विचारलं, "बिडी ओढता का?"

मी ताडकन उठले. "आमच्या घरात कुठल्या बाईनं बिडीला हात लावला न्हाय!" एवढं बोलून दम लागला म्हणून परत बसले.

"चूल किती वर्षं फुंकताय?"

"लगीन झाल्यापासनं."

त्यांनी फोटो खाली ठेवला. "मग बिडीची गरजच नव्हती तुम्हाला. बाई, ही फुप्फुसं आता पहिल्यासारखी होणार नाहीत. आहेत ती सांभाळायची."

घरी येताना मालक वाटेत दुकानात शिरले आणि वातीचा स्टोव्ह विकत घेतला. त्यावर भाकरी फुगेना. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली आणि महिन्याभरात चूल पुन्हा पेटली. मी फक्त पाट जरा मागे सरकवला. पण त्या दिवशी स्टोव्ह काखेत धरून पुढे चाललेल्या मालकांची पाठ बघताना मला आयुष्यात पहिल्यांदा मरणाची भीती वाटली होती.

आवाज गेला

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते. थंडी आणि खानावळीत उभं राहायला जागा नाही. मला ताप होता, पण जत्रेत कोण झोपतं? संध्याकाळच्या पंगतीला मी चुलीपुढून उठायला गेले ती उठलेच नाही. पुढचं आठवतं ते टांग्यातलं. आवाज न चढवणारे मालक घोड्यावर ओरडत होते.

शुद्धीवर आले तेव्हा वर पांढरं छत होतं आणि कुणीतरी माझ्या छातीत हवा ढकलत होतं. ढकलायचं, थांबायचं, पुन्हा ढकलायचं. तो श्वास माझा नव्हता. मी घाबरून गळ्याकडे हात नेला. गळ्याला भोक पाडून नळी घातलेली, आणि गळ्यातलं लिंग जागेवर नाही.

आम्हा लिंगायतांच्या गळ्यात इष्टलिंग असतं. लहानपणी बांधतात ते शेवटापर्यंत अंगावरून उतरत नाही. ते सापडेना म्हणताच मी इतकी तळमळले की सिस्टर धावत आल्या. मालकांनी माझा हात धरून माझ्याच दंडावर नेला. "हितं हाय. गळ्याला नळी घालायची म्हून दंडाला बांदलंय. मीच बांदलं. दुसऱ्या कुणाचा हात लागला न्हाय."

मी रडले. रडण्याचाही आवाज आला नाही.

ज्याचं माणूस यंत्रावर आहे त्यानं हे लक्षात ठेवावं. दुखणं सोसवतं, पण मुकं होणं सोसवत नाही. माझी अख्खी खानावळ माझ्या तोंडावर चालायची. तव्यावर भाकरी, वाढप्याला शिवी आणि गिऱ्हाइकाची थट्टा, सगळं एकाच वेळी. आता मी चमचा खाटेवर वाजवायची. सिस्टर शांतांना त्यातलं कळायचं. नळीतला कफ खेचायची वेळ झाली हे त्या माझ्या भुवयांवरून ओळखायच्या. ते कफ काढणं फार वाईट, जीव गळ्यातून ओढून काढल्यासारखं व्हायचं. पण त्या आधी हात चोळून गरम करायच्या, मगच मला लावायच्या. आणि मग वेणी घालता घालता सगळ्या वॉर्डाच्या बातम्या सांगायच्या.

अक्काची भाकरी

खानावळ बंद ठेवून भागणार नव्हतं. वळसंगहून माझी थोरली बहीण आली. तिला आम्ही अक्का म्हणतो. अक्काचा हात जड. तिची भाकरी म्हणजे ताटात ठेवलेली वीट. रोज दुपारी मालक येऊन मला सांगायचे, "आज दोगांनी भाकरी परत केली." ते ऐकून मला जी तरतरी यायची, ती कुठल्या सलाईननं आली नाही.

पण मालक वाळत चालले होते. सदरा खांद्यावर लोंबायला लागला होता. दीर एकदा येऊन बाहेर त्यांच्याशी बोलून गेले. काय बोलले ते मालकांनी सांगितलं नाही. अक्कानं सांगितलं, तिच्या पोटात काही राहत नाही. "म्हंत्यात घरी न्या. मशीनीवर किती दिस जगवनार? दाजी काय बोलले न्हाईत, उठून हितं आले बघ." मला दिरांचा राग आला नाही. मलाही तसंच वाटत होतं. मालक उठून आले याचंच मला जास्त वाटलं.

खुर्ची

वॉर्डातले आमचे डॉक्टर साठे मूळचे कोकणातले, तरुण, नाकावर चष्मा. एक दिवस खाटेशी स्टूल ओढून बसले आणि नीट समजावून सांगितलं. "नीलाबाई, यंत्र तुमचं काम करतंय, त्यामुळे तुमच्या छातीला आळस चढलाय. आता रोज थोडा थोडा वेळ यंत्र काढायचं. तेवढा वेळ तुम्ही स्वतः श्वास घ्यायचा. जुन्या दम्याच्या माणसाला हे जड जातं, म्हणून घाई करायची नाही. पण आडवं पडून जमणार नाही. ताठ बसावं लागेल." मी मान हलवली. बसायचं तर आहे, त्यात काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडी खुर्ची आणली, उंच पाठीची. दोघांनी मला उचलून तीत ठेवलं. अंगात त्राण नव्हतं, मी एका बाजूला कलले. मग त्यांनी एक चादर घडी करून माझ्या काखेखालून घेतली आणि खुर्चीच्या मागे आवळून गाठ मारली. माझं अंग गार पडलं.

आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. त्याला बसवतात. आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून, मांडी घालून भिंतीशी बसवतात. देह कलू नये म्हणून काखेखालून कापड घेऊन मागे बांधतात. लोक दर्शन घेतात, आणि तसंच बसलेलं नेऊन समाधी देतात. वळसंगला माझी आई गेली तेव्हा ते कापड मीच धरलं होतं, गाठ मामांनी मारली. आई कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखी दिसत होती.

त्या खुर्चीत मला वाटलं, या लोकांनी माझं मरण ठरवलंय. मग वाटलं, ठरवायचं काय राहिलंय, मी गेलेच असेन आणि मला अजून कळलं नसेल. तेवढ्यात यंत्राची नळी काढली. तो ढकलणारा आवाज थांबला. मी हातपाय झाडले, मिळेल ते ओढलं, आणि त्यांनी घाईनं यंत्र परत लावलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर खुर्ची दारातून आत येतानाच माझी छाती धरली. मी चादरीकडे बोट दाखवलं, तर ढिली झाली असं समजून त्यांनी ती अजून आवळली. सिस्टरनी पाटी दिली. कसंबसं 'आई' एवढंच लिहून झालं. त्यांचे डोळे भरून आले. "मावशी, आता आई कुठून आणू मी?" मी पाटी ढकलून दिली.

डॉक्टरांचाही धीर सुटत चालला. "नीलाबाई, तुम्हाला बरं व्हायचंय ना?" दाराबाहेर ते मालकांना सांगत होते ते मला ऐकू आलं. "बसल्या नाहीत तर यंत्र सुटणार नाही. आणि यंत्र जितकं लांबेल तितका फुप्फुसात पू होण्याचा धोका. मग माझ्या हातात काही राहणार नाही. उद्या सकाळी तुम्हीच या, तुमचं ऐकतात का बघू."

म्हणजे खाटेवर राहिले तर मरण, आणि खुर्चीत तर मी आधीच मेलेली. हे सांगायला तोंड नाही.

पाठ

मालक दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. मला बांधून झालं होतं. ते दारात थांबले. खुर्ची बघितली, मला बघितलं, काखेखालची चादर बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला. सरळ आत येऊन त्यांनी गाठ सोडायला घेतली.

"अहो, पडतील त्या!" डॉक्टर म्हणाले.

"पडू देत न्हाय. मी हाय न्हवं." गाठ घट्ट होती, त्यांना दात लावावे लागले. "हिला बांदू नका, डाक्टर. आमच्यात मेलेल्याला असं बांदून बसवत्यात."

डॉक्टर चष्मा काढून पुसत म्हणाले, "मला हे कुणी सांगितलंच नाही."

"तुमी इचारलं न्हाय, आन आमाला सुचलं न्हाय," मालक म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं ती खुर्ची वॉर्डाबाहेर नेऊन ठेवली.

मग मालकांनी जे केलं त्यानं मी लाजून अर्धी झाले. ते माझ्या खाटेवर बसले, मला कडेला बसवलं आणि माझ्या पाठीला पाठ लावली. भरल्या वॉर्डात! हा माणूस चारचौघांत माझ्या बाजूला कधी बसला नव्हता. जत्रेलासुद्धा ते पुढे आणि मी मागे. समोरच्या खाटेवरची म्हातारी तोंडाला पदर लावून बघत होती.

"टेक," ते म्हणाले. "मी हाय मागं. माज्यासंगट घे."

यंत्र काढलं. छाती धरली, पण पाठीला त्यांची पाठ हलताना कळत होती. ती फुगली की मी आत घ्यायची, ती बसली की बाहेर सोडायची. त्यांच्या सदऱ्याला खानावळीच्या फोडणीचा वास होता. त्या दिवशी मी एक भाकरी भाजून होईल एवढा वेळ टिकले. पुढे दोन भाकऱ्यांचा वेळ. मग दुरडीभर.

रोज वाढतच गेलं असं मात्र नाही. मध्ये ताप आला आणि यंत्र पुन्हा दिवसभर लागलं. मी भिंतीकडे तोंड करून पडले, मालकांकडेही बघितलं नाही. डॉक्टर म्हणाले, "मागे येणं म्हणजे हरणं नव्हे, नीलाबाई. उद्या पुन्हा." तुमच्या माणसाचंही असं होईल. त्या दिवशी त्याला शहाणपण शिकवू नका, नुसते जवळ बसा.

ताप उतरल्यावर एक दिवस मीच बोट करून खुर्ची मागितली. चादर नको, अशी खूण केली. हाताच्या आधारानं मी माझी बसले.

सोमवार

त्या सोमवारी मला पूजा करावीशी वाटली. सिस्टर शांतांनी अंग पुसून दिलं, मालकांनी बेलपान आणलं, कपाळाला विभूतीची बोटं ओढली. खुर्ची खिडकीशी लावली. यंत्र काढून भिंतीकडे सरकवलं आणि वर धूळ बसू नये म्हणून कापड टाकलं. आदल्या दिवसापासून मला तोंडानं घोटभर पिण्याची परवानगी मिळाली होती. "चहा घिऊन येतो," म्हणून मालक खाली गेले. मी लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले.

नेमकी त्याच वेळी अक्का आली. बरोबर वळसंगचे मामा आणि दोन भावजया, मला बघायला म्हणून. त्यांनी दारातून काय बघितलं ते तुम्हीच बघा. यंत्र झाकलेलं. खाट रिकामी. आणि मी ताठ बसलेली, विभूती लावून, डोळे मिटून, तळहातावर लिंग.

"होदि एनव्वा, तंगी!" गेलीस का गं, धाकटे, म्हणून अक्कानं जो हंबरडा फोडला तो सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत गेला असेल. भावजयांनी सूर धरला. मी दचकले, क्षणभर श्वास अडकला, आणि डोळे उघडणार तोच मामांचा आवाज आला. "लई खमकी बाई. तोंडानं फटकळ, पन तिच्या दारातनं कोन उपाशी गेलं न्हाय."

खरं सांगते, मी डोळे मिटूनच ठेवले. आपल्यामागे लोक काय बोलतात ते ऐकायची संधी कुणाला मिळते?

अक्का माझ्या पायांवर पडली. "नीला गं! तुज्यासारकी भाकर मला जलमात जमली न्हाय गं! आईचं इरकल उंदरांनी खाल्लं म्हनून तुला खोटंच सांगितलं गं मी! माज्या ट्रंकेत हाय गं ते!"

आईचं इरकल! त्या लुगड्यासाठी मी अक्काशी वर्षभर बोलले नव्हते. माझा उजवा हात आपोआप पुढे झाला, तळवा पसरून. आण म्हटलं.

भावजया किंचाळत मागे पळाल्या. अक्काचं रडणं घशातच अडकलं. माझे उघडे डोळे बघून तिनं माझ्या मांडीवर फाडकन चापट मारली. "मेले! जिती हाईस व्हय!" मला हसू आवरेना. आवाज नाही, नुसते खांदे गदगदा हलतायत आणि गळ्याच्या नळीतून शीळ वाजतेय.

रडारड ऐकून डॉक्टर साठे आणि सिस्टर धावत आले. डॉक्टरांनी माझी नाडी धरली, छाती ऐकली. मग झाकलेल्या यंत्राकडे बघितलं.

"हे केव्हा काढलं?"

"पूजेच्या आधी," सिस्टर म्हणाल्या. "इतका वेळ त्या कधीच राहिल्या नव्हत्या."

"घाबरला नाहीत?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. घाबरायला वेळ कुठे होता? डॉक्टर हसले. "मग आज बोलून बघू." त्यांनी नळीचा आतला फुगा सोडला आणि माझं बोट धरून नळीच्या तोंडावर कसं ठेवायचं ते दाखवलं. सगळे माझ्याभोवती गोळा झाले. अक्का कानाशी म्हणाली, "देवाचं नाव घे गं पयलं."

तेवढ्यात मला दारात मालक दिसले.

हातात काही नव्हतं. धोतरावर चहा सांडलेला. जिन्यातच त्यांनी अक्काचा हंबरडा ऐकला असणार. एका हातानं चौकट धरून ते उभे होते. समोर मी बसलेली, विभूती लावलेली, आजूबाजूला माणसं डोळे पुसतायत. माझे डोळे उघडे असूनही मी जिवंत आहे यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. त्यांनीही आयुष्यभर मेलेली माणसं अशीच बसलेली बघितली होती. बाकी कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

मी नळीवर बोट ठेवलं. गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघाला.

"अवं, चहा कुटं हाय?"

मालक धोतराकडे बघत म्हणाले, "सांडला."

"मग दुसरा आना की!"

त्यांनी टोपी काढली, तिनंच तोंड पुसलं, आणि वळून जिना उतरायला लागले. चपलांचा आवाज आधी सावकाश येत होता, मग ते धावायला लागले.

माझा चेहरा घामानं भिजलेला बघून डॉक्टरांनी विचारलं, दमलात, थोडा वेळ यंत्र लावू का? मी नको म्हटलं. चहा येईपर्यंत मला बसायचं होतं.